दोघांची फाइल, नाव कुणाचं? : लवकर निवृत्त होऊन पोर्तुगालला जायचं ठरवणाऱ्या डिचोलीच्या एका जोडप्याचं प्रकरण

२०२५ च्या फेब्रुवारीतला एक शुक्रवार. दोघं माझ्या म्हापशाच्या ऑफिसात आले तेव्हा त्याच्या हातात जाडजूड फाइल होती आणि तिच्या हातात बाजाराची पिशवी. पिशवीतून तांबडी भाजी डोकावत होती. फाइल टेबलावर आली, पिशवी खुर्चीच्या पायाशी. पुढचा तासभर बोलला तो. ती मधून मधून घड्याळ बघत होती.

मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणेन. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. भाऊ ४८ वर्षांचा, वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात उत्पादन विभागात. वहिनी ४६ वर्षांची, अनुदानित उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते, सेवा २२ वर्षं. मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. डिचोलीला घर, घरामागं भाट (नारळाची बाग), घरात भाऊची आई. पर्वरीला एक फ्लॅट, भाड्यानं दिलेला.

भाऊची मागणी सरळ होती. पन्नाशीच्या आत दोघांनी नोकऱ्या सोडायच्या आणि पोर्तुगालला जाऊन राहायचं. "आकडे मी काढलेत," तो म्हणाला, "तू फक्त तपास." पोर्तुगालच का, हे विचारायची सोय नव्हती. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कॉस्टा यांच्या वडिलांकडचं घर मडगावात असू शकतं, तर आपलं तिथं का नसावं, हा त्याचा ठरलेला विनोद. तो मी त्या तासाभरात दोनदा ऐकला.

आधी फाइलीतले आकडे. ठेवी, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी आणि दोघांचे पीपीएफ मिळून अडीच कोटी. वहिनीनं २० वर्षांवर सेवा झाल्यामुळं स्वेच्छानिवृत्ती घेतली तर मूळ वेतन ७८,००० च्या निम्मं म्हणजे ३९,००० पेन्शन. ५५ टक्के महागाई सवलत धरून महिना ६०,४५०. फ्लॅटचं भाडं २८,०००. खर्चासाठी त्यानं व्हिझेऊ हे आतल्या भागातलं शहर धरलं होतं. लिस्बन परवडत नाही एवढं त्याला ठाऊक होतं. दोघांचा महिन्याचा खर्च १,७०० युरो, युरोचा भाव १०० रुपये. म्हणजे वर्षाला २० लाख ४० हजार. त्यातून पेन्शनचे सव्वासात आणि भाड्याचे तीन लाख छत्तीस हजार वजा केले की उरतात ९ लाख ७९ हजार. अडीच कोटींच्या ३.९ टक्के. वर्षाला चार टक्क्यांच्या आत काढलं तर पुंजी पुरते असा एक नियम आहे, म्हणून फाइलीच्या शेवटच्या पानावर हिरव्या शाईनं बरोबरची खूण.

ती खूण मी पुसली नाही, पण तिच्याखाली लिहीत गेलो. चार टक्क्यांचा नियम अमेरिकेच्या बाजाराच्या इतिहासावरून १९९४ मध्ये मांडला गेला आणि तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. अठ्ठेचाळिशीत थांबणाऱ्याला चाळीस वर्षांचा पल्ला धरावा लागतो, शिवाय रुपयात कमवून युरोत खर्च करायचा. दहा वर्षांपूर्वी युरो सत्तरीत होता. मग अडीच कोटी हे मुळात अडीच कोटी नव्हतेच. मुलाच्या पुढच्या शिक्षणाचे २० लाख, आईच्या दुखण्याखुपण्याचे १५ आणि बस्तान हलवण्याचे १५ काढून ठेवले की दोन कोटी उरतात. आणि कर? फाइलीत पेन्शनवर पोर्तुगालचा १० टक्के सवलतीचा कर धरला होता. ती नव्या रहिवाशांसाठीची योजना १ जानेवारी २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली आहे. आता तिथं १८३ दिवसांवर राहिलात की जगभरचं उत्पन्न तिथल्या करपत्रकात येतं, टप्प्याटप्प्यानं ४८ टक्क्यांपर्यंत, व्याजावर २८ टक्के. भारतात भरलेल्या कराची वजावट दुहेरी करआकारणीच्या करारानं मिळते, तरी ढोबळ दीड लाखाची जादा तूट मी धरली. मग वर्षाला हवेत ११ लाख ३० हजार, जवळ दोन कोटी. ३.९ चे झाले ५.६५ टक्के.

भाऊ गप्प झाला. वहिनीनं पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे होत नाही?"

"आज होत नाही," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळेल अशी माझी अटकळ होती. उजळला नाही. ते मी टिपून ठेवलं, अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

दुसऱ्या भेटीत भाऊनं पासपोर्टचा विषय काढला. गोव्यात तो निघाल्याशिवाय राहत नाही. आईचा जन्म १९४९ चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा दावा करू देतो. आईचा जन्म तिकडं नोंदवायचा, मग आपला, की लाल पासपोर्ट. व्हिसा नको, उत्पन्नाची अट नको. साष्टी-बार्देशातली किती घरं या वाटेनं गेली आणि तिथून पुढं इंग्लंडात पोचली, हे आपण बघतोच.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेनं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. मागून मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशानं मिळाली तर चालते, म्हणजे भाट वाचेल. भाटाला लागून असलेला चुलत्यांचा तुकडा घ्यायचं जे स्वप्न आहे, ते मात्र गेलं. दुसरी गोष्ट आईची. १९६२ च्या आदेशानं ती भारतीय नागरिक झाली. आता या वयात तिचं नाव तिकडच्या दप्तरात घालायचं आणि तिच्याच नागरिकत्वावर कुणी बोट ठेवायचं, असे वाद गोव्यात निवडणूक लढवणाऱ्यांपर्यंत जाऊन पोचले आहेत. तिसरी गोष्ट मी सांगायची गरज पडली नाही. भाऊनं घरी विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "हांव खंय वचपाची ना, आनी म्हजें नांवूय वचपाचें ना." (मी कुठं जाणार नाही, आणि माझं नावही जाणार नाही.) पासपोर्टची वाट तिथं बंद झाली. मला ते बरं वाटलं, हे लपवत नाही.

उरला डी-७, म्हणजे काम न करताही मिळणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्यांचा रहिवासी व्हिसा. अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली: २०२५ मध्ये मुख्य अर्जदारासाठी महिना ८७० युरो, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, मिळून १,३०५. वर्षभराची तेवढी रक्कम, १५,६६० युरो, हाताशी दाखवायची तयारी, तिथल्या घराचा करार, तिथला करक्रमांक, पोलिसांचा दाखला. पहिला परवाना दोन वर्षांचा, पुढचा तीन. मध्ये सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्यानं आठ महिन्यांवर गैरहजर राहिलं तर परवाना धोक्यात. म्हणजे चतुर्थीला या, शिमग्याला या, पण मृगापासून दिवाळीपर्यंत डिचोलीला आणि उरलेलं वर्ष तिकडं, असा मनातले मांडे खाण्याचा बेत त्यात बसत नाही.

अर्जाचा कच्चा आराखडा मीच केला आणि मुख्य अर्जदार म्हणून भाऊचं नाव लिहिलं. का? फाइल त्यानं आणली होती म्हणून. दुसरं कारण नाही. उत्पन्नाचा तक्ता भरायला बसलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

बाहेरच्या वाचकांना इथं थोडं सांगावं लागेल. गोव्यात लग्न झालेल्यांना, वेगळा करार केला नसेल तर, पोर्तुगीज नागरी संहितेची संपत्तीची भागीदारी लागू होते. लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाचं, सगळं दोघांचं निम्मं निम्मं. सिव्हिल रजिस्ट्रारकडं सही करताना हे कुणी वाचत नाही. घर विकायच्या वेळी दोन सह्या लागतात तेव्हा कळतं. आयकर कायद्यातली तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ५-अ) याच पायावर उभी आहे: नवराबायकोचं पगाराखेरीजचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, भांडवली नफा, दोघांच्या विवरणपत्रात अर्धं अर्धं. पगार तेवढा ज्याचा त्याचा. आणि मालकाकडून मिळणारं पेन्शन कायद्याच्या लेखी पगारच.

आता तक्ता वाचा. भाऊनं नोकरी सोडली की त्याच्या नावावर उरतं भाड्याचं आणि व्याजाचं अर्ध. वहिनीच्या नावावर तेच अर्ध, अधिक जन्मभराचं ६०,४५० पेन्शन. मुख्य अर्जदार तीच. तो तिच्या अर्जावर येणारा कुटुंबीय. स्वप्न त्याचं, पात्रता तिची.

हे सांगितल्यावर भाऊ हसला, पण थोडा उशिरानं. "म्हणजे मी अवलंबित?"

"कागदावर," वहिनी म्हणाली. आणि पिशवीतून चष्मा काढून तिनं तो तक्ता स्वतः वाचायला घेतला. त्या दिवसापासून फाइल तिच्याकडं गेली.

मग मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. वेगवेगळ्या खोल्यांत बसा, निवृत्तीनंतरचा एक साधा मंगळवार लिहा, सकाळपासून रात्रीपर्यंत. रविवार नको, सणवार नको. भाऊच्या कागदावर रात्रपाळीचा फोन नव्हता, बॅच नापास होण्याची धास्ती नव्हती, तपासणीला येणारे परदेशी अधिकारी नव्हते. काय नको हे भरभरून होतं. दुपारी तीन वाजता काय करणार, यावर नुसती एक रेघ. वहिनीच्या कागदावर पहिलीच ओळ होती: "नऊ वाजेपर्यंत मला कुणी हाक मारू नये." खाली वाचन, चालणं, एखादी भाषा शिकणं, आणि संध्याकाळी दोन मुलांना शिकवणं, पैसे न घेता. पोर्तुगालचं नाव तिच्या कागदावर नव्हतं. डिचोलीचंही नव्हतं.

त्याला कारखान्यातून सुटायचं होतं आणि तिला घरातून. दोघांनी एकाच देशाचं नाव घेतलं होतं म्हणून बेत एक आहे असं त्यांना वाटत होतं, आणि काही काळ मलाही.

यानंतरचं गणित जोडप्यांच्या फाइलीत क्वचित दिसतं: दोघांतलं एक गेलं तर? बोलायला अवघड जातं. मी सरळ दोन रकाने आखले. गोव्याच्या वारसा कायद्यात मूल असेल तर जोडीदार वारस ठरत नाही. त्याचं स्वतःचं अर्ध त्याच्याकडं राहतं, गेलेल्याचं अर्ध मुलाकडं जातं. मृत्युपत्रानं फार तर त्या अर्ध्याचं अर्ध वळवता येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोंयकाराची मालमत्ता भारतात इतरत्र असली तरी हाच कायदा. म्हणजे एकट्या उरलेल्याच्या हाती दोन कोटींतला एक कोटी.

एकट्याचा खर्च १,२५० युरो, वर्षाला १५ लाख. भाऊ गेला तर वहिनीकडं पेन्शन आणि अर्ध भाडं मिळून ८ लाख ९३ हजार. तूट सहा लाखांची, एक कोटीच्या सहा टक्के. ओढाताण, पण परवाना तिच्याच नावावर, वेळ आली तर परत येण्याइतका श्वास. वहिनी आधी गेली तर? सुरुवातीची वाढीव दराची वर्षं सरली की कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के, २३,४००. महागाई सवलतीसह ३६,२७०. अर्ध भाडं धरून वर्षाला जेमतेम सहा लाख. तूट नऊ लाखांची, एक कोटीवर नऊ टक्के. आणि ज्याच्या नावानं परवाना घेतला ती व्यक्ती नाही. भाऊनं तो रकाना तीनदा बेरजून पाहिला.

जाता जाता एक गंमत. आपण जी १८६७ ची संहिता जपून ठेवली आहे ती खुद्द पोर्तुगालनं १९६७ मध्ये बदलली. तिथं आज जोडीदार हक्काचा वारस आहे. युरोपीय संघाच्या २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार माणूस ज्या देशात कायमचा राहत असेल तिथला वारसा कायदा लागतो. मृत्युपत्रात स्पष्ट लिहून आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो. डिचोलीचा माणूस व्हिझेऊत वारला तर त्याच्या बायकोला एका पोर्तुगीज कायद्यानं काहीच नाही आणि दुसऱ्या पोर्तुगीज कायद्यानं वाटा. हे वहिनीला फार आवडलं. वर्गात सांगायला हवं म्हणाली.

उपाय म्हणून जे केलं ते थोडक्यात. दोघांनी एकमेकांच्या नावे, कायदा देतो तेवढ्या भागाची, स्वतंत्र मृत्युपत्रं करायची. वहिनीच्या आयुष्याचा एक कोटीचा मुदतविमा. आजवर विमा फक्त भाऊचा होता, कारण विमा कमावत्या पुरुषाचा असतो अशी आपली समजूत. परदेशी पाठवायचे १५-१६ लाख दोघांच्या नावांनी वाटून पाठवायचे, कारण माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत उगमाशी कर वसूल केला जात नाही. बिगरनिवासी झाल्यावर पीपीएफची मुदत वाढवता येत नाही, साधी खाती एनआरओ, म्हणजे बिगरनिवासींची, करावी लागतात, आणि पर्वरीच्या भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरावा लागतो. ही शेवटची गोष्ट भाडेकरूला आधी सांगा. ऐनवेळी कळली की तो घर सोडतो.

आणि जायच्या आधी राहून बघायचं. युरोपच्या अल्प मुदतीच्या शेंगन व्हिसावर, उन्हाळ्यात नाही, थंडीत. पर्यटकाच्या जूनमध्ये कुठलाही देश चांगलाच दिसतो. २०२५ च्या नाताळच्या सुट्टीला जोडून वहिनीनं अर्धपगारी रजा घेतली आणि दोघं ३० दिवस व्हिझेऊला एका भाड्याच्या घरात राहिली. आईजवळ भाऊची बहीण येऊन राहिली.

मला वाटलं होतं, तो रमेल आणि ती कंटाळेल. झालं उलटं. घर दगडी, भिंतींना ओल, तापवायला एक विजेची शेगडी. आतल्या थंडीपेक्षा बाहेर उन्हात बरं. वहिनी रोज सकाळी स्वेटरवर शाल घेऊन दोन तास चालायची. नगरपालिकेच्या वाचनालयात मुलांची पुस्तकं घेऊन बसायची आणि "जनेला, मेझा, शाव" वाचताना हसायची, कारण जनेल, मेज आणि चावी आपल्या घरात आहेतच. बेकरीतली बाई तिसऱ्या आठवड्यात तिला नावानं हाक मारू लागली. "मी कुणाची सून आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं," ती मला नंतर म्हणाली, हळूच, भाऊ पाणी प्यायला उठला तेव्हा.

भाऊ मात्र दहाव्या दिवसापासून कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. नुस्त्याच्या शोधात तो समुद्रापर्यंत जाऊन आला. बांगडा मिळाला, कोकम नव्हतं. एका रात्री आईला ताप आला. बहिणीनं डॉक्टर आणला, दोन दिवसांत उतरला, पण त्या दोन दिवसांत भाऊनं परतीची विमानं सोळा वेळा पाहिली. कुठूनही जा, विमानं बदलत पूर्ण एक दिवस. दुपारी तीनची ती रेघ तिथंही रेघच राहिली.

परत आल्यावर, इतके महिने चाललेला सुटण्याचा विचार त्यानं वेगळ्या रीतीनं सोडवला. कारखान्याकडं आठवड्याचे तीन दिवस सल्लागाराचं काम मागितलं, पगार निम्म्याहून कमी, रात्रीचा फोन नाही. मिळालं. मी त्याला म्हटलं की हेच तू फेब्रुवारीत केलं असतंस तर फाइल आलीच नसती. त्यावर तो काही बोलला नाही.

डी-७ चा अर्ज सध्या थांबला आहे, रद्द झालेला नाही. दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. २०२६ साठी तिथलं किमान वेतन ९२० युरो झालं, म्हणजे दोघांची अट १,३८०. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परकीयांविषयीचा कायदा बदलून मागाहून कुटुंब बोलावण्याच्या अटी कडक झाल्या. अर्ज करायचा तर दोघांनी एकाच वेळी, वहिनीच्या नावानं, असं लिहून मी फाइलीत लावलं आहे. तिची सेवा आणखी चार वर्षं झाली आणि भाऊचं अर्ध काम चालू राहिलं, तर ठेवींना हात न लावता ५.६५ चा आकडा साडेचारच्या आसपास येतो. तोवर आईचं वय ८० होईल. ते गणितात कुठल्या रकान्यात घालायचं, हे तिघांनी मिळून ठरवायचं आहे. आई धरून तिघांनी.

परवा वहिनीचा फोन आला. मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा जायचंय, तिकिटं तिनंच काढली आहेत. तिचं ३० दिवसांचं, भाऊचं शेवटच्या बारा दिवसांचं. आधीचे दिवस त्याला इथं काम आहे: आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि पाडेली बोलावून नारळ पाडून घ्यायचेत.

"एकटी राहून बघते," ती म्हणाली. "तुझ्या त्या पहिल्या रकान्यासारखी." मग विचारलं, मृत्युपत्राचं काम मेच्या आधी करायचं की नंतर?

मी म्हटलं, आधी.

"मग बुधवारी येतो. दोघंही."